मस्टँगचं पुढचं सस्पेन्शन घरी बांधताना: आधी बोल्टची जागा, मग वेल्डिंग

[गॅरेज. मागे जॅकस्टँडवर १९६५ ची मस्टँग, पुढची दोन्ही चाकं काढलेली. समोर बाकावर पुठ्ठा, दोरी, ओळंबा.]

नमस्कार मंडळी! जुन्या मसल कारचं, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या अमेरिकन गाडीचं, पुढचं सस्पेन्शन स्वतःच्या गॅरेजमध्ये बांधायचं ठरवलं की बहुतेक जण पहिल्या दिवशी चाक बॉडीला जोडणारे पाइपचे चकचकीत आर्म बघायला लागतात, मग कॉइलओव्हर, म्हणजे शॉकभोवतीच स्प्रिंग असलेला जोड, मग किंमत. माझं म्हणणं आहे की सुरुवातीला यातलं काहीही विकत घेऊ नका. आर्म बॉडीला ज्या बोल्टवर फिरतो, त्या बोल्टची जागा आधी ठरवा. वळणावर गाडी कशी वागणार हे त्या जागेवर ठरतं. आर्म दाबलेल्या पत्र्याचा आहे की पाइपचा, हा प्रश्न फार नंतर येतो.

उदाहरणाला ही मागची गाडी घेऊ. १९६५ ची फोर्ड मस्टँग, २८९ व्ही-एट. जाणकार म्हणतील की ही तर पोनी कार, म्हणजे आटोपशीर स्पोर्टी गाडी, मसल कार म्हणजे पोंटिअक जीटीओ. मान्य. पण काम शिकायला मस्टँग उत्तम. सुटे भाग आजही सहज मिळतात, आणि हिच्या सस्पेन्शनमधली सर्वात मोठी सुधारणा फोर्डच्याच इंजिनिअरने केलेली आहे. ती घरी ड्रिल मशीनवर करता येते.

आधी हिची रचना बघू. [कॅमेरा चाकाच्या कमानीत] हा वरचा आर्म, हा खालचा. दोघांच्या मध्ये स्पिंडल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग. आता स्प्रिंग कुठे आहे बघा. कॅमॅरोमध्ये स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते. इथे ती वरच्या आर्मवर उभी आहे, आणि तिचं वरचं टोक या उंच खोक्यात, म्हणजे शॉक टॉवरमध्ये टेकतं. त्यामुळे गाडीच्या पुढच्या भागाचा भार बॉडीत शिरतो तो याच टॉवरमधून. एवढं पक्कं लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

क्लाउस आर्निंग हे फोर्डमधले सस्पेन्शनचे इंजिनिअर. १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० ला, म्हणजे मस्टँगच्या रेसिंगसाठी सुधारलेल्या रूपाला, वरच्या आर्मचे बोल्ट टॉवरवर एक इंच खाली घेतलेले होते, ते त्यांच्या भूमितीप्रमाणे. म्हणून या बदलाला कुणी शेल्बी ड्रॉप म्हणतं, कुणी आर्निंग ड्रॉप. मला दुसरं नाव जास्त योग्य वाटतं. १९६६ च्या उत्पादनात खर्च वाचवण्यासाठी तो काढून टाकला, पण टॉवरचा पत्रा तोच राहिला. तुमच्या साध्या मस्टँगच्या टॉवरवरही ती भोकं पाडायला जागा आहे.

एका इंचाने असं काय होतं? दाराची बिजागरी जरा सरकवली तर दार वेगळ्याच रेषेत फिरतं ना, तसंच हे आहे. फॅक्टरीच्या जागेत चाक वर गेलं तरी त्याचं वरचं टोक पुरेसं आत झुकत नाही. बोल्ट खाली आणला की आर्म चाकाकडे चढता होतो, आणि चाक वर जाताना बॉल जॉइंटला, म्हणजे आर्म आणि स्पिंडलमधल्या गोल सांध्याला, आत ओढतो. म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर वाढतो. वळणात भार येतो तो बाहेरच्या चाकावर, आणि त्याचा टायर रस्त्याला सपाट टेकून राहणं हेच तर आपल्याला हवंय.

आकड्यांत बघू, कारण इथे अंदाजावर भागत नाही. [पुठ्ठ्याचं मॉडेल] समोरून बघताना वरच्या आणि खालच्या आर्मच्या रेषा आतल्या बाजूला वाढवत न्या. त्या जिथे भेटतात तो इन्स्टंट सेंटर. टायरपासून तिथपर्यंतचं आडवं अंतर १०० इंच धरलं, तर चाक एक इंच वर गेल्यावर कॅम्बर साधारण ०.५७ अंश बदलतो. अंतर ६० इंच असेल तर ०.९५ अंश. मस्टँगचा ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर, सुमारे ५६ इंच. वळणात बॉडी ३ अंश कलली, तर बाहेरचं चाक बॉडीच्या तुलनेत जवळपास दीड इंच वर जातं. आता हिशोब करा. बॉडीने चाकाला ३ अंश बाहेर कलवलं. १०० इंचांच्या भूमितीने त्यातले जेमतेम ०.८४ परत मिळवले, म्हणजे चाक रस्त्याच्या तुलनेत २.१६ अंश बाहेर कललेलं. ६० इंचांत १.४ परत मिळाले, उरले १.६. उभ्या गाडीला आधीच एक अंश निगेटिव्ह दिला असेल, तर उरतो फक्त ०.६. ही अंतरं मी समजावण्यासाठी गोल घेतली आहेत. तुमची खरी अंतरं तुमच्या गाडीवर मोजायची.

मोजायचं कसं, ते नीट सांगते, कारण माझ्या मते सगळं काम इथेच आहे. जमीन सपाट आहे का, ते आधी लेव्हलने बघा. नसेल तर जॅकस्टँडखाली पत्र्याचे तुकडे सारून गाडीच सपाटीत आणा. स्प्रिंग काढून घ्या. खालच्या आर्मखाली जॅक लावून चाक त्याच उंचीला आणा, ज्या उंचीवर गाडी उभी राहणार आहे. मग वरच्या आर्मचा आतला बोल्ट, वरचा बॉल जॉइंट, खालचा बोल्ट, खालचा बॉल जॉइंट, टाय रॉडची (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोकं आणि टायर जमिनीला टेकतो त्याचा मध्य, या प्रत्येक बिंदूवरून ओळंबा सोडा आणि जमिनीवर चिकटपट्टी लावून खूण करा. जमिनीपासूनची उंची वेगळी लिहा. दोन्ही बाजूंचं मोजमाप स्वतंत्र घ्या. साठ वर्षांच्या गाडीची डावी-उजवी बाजू सारखी असेल असं गृहीत धरू नका, तिने कधीतरी कुठेतरी धडक खाल्लेली असते. मग हेच बिंदू अर्ध्या मापाने पुठ्ठ्यावर उतरवा, पुठ्ठ्याचेच आर्म कापा, टाचण्या टोचा आणि चाक वर-खाली करून बघा. कॉम्प्युटरवर हे करणारी सॉफ्टवेअरं आहेत, मीही वापरते. पण टाचणी अर्धा इंच सरकवल्यावर चाक कसं झुकतं हे हाताने करून बघितलं की जे कळतं, ते आलेख बघून कळत नाही.

स्प्रिंग काढा असं मी भरभर म्हणून गेले, पण इथे थांबते. गाडीत बसलेल्या या स्प्रिंगमध्ये हजार पौंडांहून जास्त जोर कोंडलेला असतो. मस्टँगसाठी स्प्रिंगच्या आत, टॉवरमधून बसणारा वेगळा कॉम्प्रेसर मिळतो. तोच वापरा. पार्ट्सच्या दुकानातून भाड्याने आणलेला बाहेरून आकडे लावायचा कॉम्प्रेसर इथे नको. आणि स्प्रिंग दबलेली असताना तिच्या रेषेत डोकं, छाती, हात, काहीही ठेवू नका.

भोकं पाडायच्या आधी टॉवर तपासा. वरच्या आर्मच्या बोल्टभोवती या गाड्यांना तडे जातात, रंगाखाली दिसत नाहीत, म्हणून रंग खरवडून बघा. दोन टॉवर वर्षानुवर्षं एकमेकांकडे झुकत जातात. हे झुकणं रोखायलाच परदेशी पाठवायच्या मस्टँगला एक जाड, दाबलेली एक्सपोर्ट ब्रेस लावायचे, जीटी ३५० लाही ती होती. टॉवर आत आले असतील तर आधी ते सरळ करा, वेल्डिंग करून तडे बुजवा, ब्रेस बसवा. वाकड्या टॉवरवर अचूक पाडलेलं भोकसुद्धा चुकीच्याच जागी असतं.

मग जुन्या दोन भोकांवरून पत्र्याचा टेम्प्लेट बनवा, बरोबर एक इंच खाली खूण करा, सेंटर पंच मारा, बारीक भोकापासून सुरू करून टप्प्याटप्प्याने मोठं करा. शेवटी कानस फिरवून कडा साफ करा. स्प्रिंग न लावता आर्म बसवा आणि पूर्ण वर, पूर्ण खाली नेऊन बघा. बॉल जॉइंट कुठे अडतोय का? एका इंचापर्यंत बहुतेक वेळा अडत नाही. त्याहून खाली जायचं असेल तर बॉल जॉइंटखाली कोन बदलणारी पाचर लागते. घरी पहिल्यांदा करताना एका इंचावर थांबा. स्प्रिंग वरच्या आर्मवर असल्यामुळे पुढून गाडी अर्ध्या इंचाहून थोडी जास्त खालीही बसते, ते धरूनच स्प्रिंग निवडा.

आता स्वतः बनवायच्या भागांकडे येऊ. पहिला नंबर स्ट्रट रॉडचा. मस्टँगचा खालचा आर्म आत एकाच बोल्टवर फिरतो, त्याला पुढे-मागे धरून ठेवतो हा रॉड, आणि त्याच्या पुढच्या टोकाला रबर आहे. ब्रेक दाबला की रबर दबतं, चाक मागे सरकतं, कॅस्टर, म्हणजे बाजूने बघताना चाक वळण्याच्या अक्षाचा कल, बदलतो. तिथे गोल सांध्याचा, म्हणजे रॉड एंडचा रॉड बनवला की जोरात ब्रेक मारताना स्टिअरिंग एकदम वेगळं वाटतं. फक्त रॉड एंडला दोन्ही बाजूंनी आधार द्या. एका कानावर लटकवलेला रॉड एंड वाकवणारा भार सहन करण्यासाठी बनवलेला नसतो.

वरचा आर्म बनवणार असाल तर साधी माइल्ड स्टीलची डीओएम (साच्यातून ओढून काढलेली) ट्यूब घ्या, सव्वा इंच व्यासाची, ०.१२० इंच जाडीची. ४१३० क्रोमोली हे मिश्र स्टील ऐकायला भारी वाटतं, पण ते वेल्डिंगची बेपर्वाई माफ करत नाही. आधी लाकडावर नाही, स्टीलच्या प्लेटवर जिग, म्हणजे तुकडे जागेवर धरून ठेवणारा साचा, बनवा. टॅक मारा, म्हणजे ठिपक्यापुरते वेल्ड करा, मोजा, मग पूर्ण वेल्ड करा, आणि बाजू बदलत करा, नाहीतर आर्म ओढला जाऊन वाकतो. त्याच ट्यूबचे, त्याच सेटिंगवर केलेले नमुने व्हाइसमध्ये धरून हातोड्याने मोडा. वेल्ड सुटला तर तुम्ही अजून आर्म बनवायला तयार नाही. ट्यूब आधी फाटेल, वेल्ड तसाच राहील, इथपर्यंत सराव करा. आणि तयार आर्मला क्रोम करू नका. प्लेटिंगमध्ये हायड्रोजन स्टीलमध्ये शिरतो आणि ते ठिसूळ होऊ शकतं. पावडर कोटिंग छान दिसतं. ब्रेक क्लीनरने पुसलेल्या लोखंडावर तर कधीच वेल्डिंग करू नका. क्लोरीन असलेल्या क्लीनरपासून वेल्डिंगच्या आर्कच्या उष्णतेत फॉस्जीन तयार होतो, तो जीवघेणा वायू आहे.

स्पिंडल आणि स्टिअरिंग आर्म मात्र फोर्ज केलेलेच ठेवा. ते तापवून वाकवणं, त्यावर वेल्ड करणं, हे मी करत नाही आणि कुणाला करायलाही सांगणार नाही.

मस्टँग टू वाल्या क्रॉसमेंबरबद्दल, म्हणजे पुढच्या आडव्या तुळईबद्दल, नेहमी विचारलं जातं. १९७४ ते ७८ च्या मस्टँग टू चं सस्पेन्शन आटोपशीर आहे, स्टिअरिंग रॅक अँड पिनियन (दातेरी पट्टी आणि छोटं दातेरी चाक) आहे, आणि स्प्रिंग खालच्या आर्मवर आहे. म्हणजे टॉवर कापून टाकता येतात आणि फोर्डचं आजचं रुंद कोयोटी व्ही-एट इंजिन सहज बसतं. इंजिनसाठी टॉवरला हात लावणं नवं नाही. बॉस ४२९ चं इंजिन मावावं म्हणून १९६९ मध्ये आमच्याच मिशिगनमधल्या ब्रायटनला कार क्राफ्टने टॉवर बदलून गाड्या बनवल्या. पण टॉवर कापला की मघाशी सांगितलेला तो सगळा भार खालच्या पातळ पत्र्याच्या रेल्सवर येतो. रेल्स बळकट न करता नुसता क्रॉसमेंबर वेल्ड केलेली गाडी मला धोकादायक वाटते. इंजिन तेच ठेवणार असाल तर टॉवर ठेवा.

आता बंप स्टिअर. चाक वर-खाली होताना स्वतःहून वळलं तर खडबडीत रस्त्यावर गाडी हातातून निसटायला बघते. बोल्ट हलवला म्हणजे हे पुन्हा मोजायलाच हवं. स्टिअरिंग सरळ बांधून ठेवा, हबला सपाट फळी बोल्टने लावा, फळीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेक डायल गेज. स्प्रिंग नाहीच. चाक अर्धा-अर्धा इंच उचला आणि दोन्ही आकडे लिहा. त्यांच्यातला फरक बदलत गेला तर टाय रॉडचं बाहेरचं टोक शिम, म्हणजे पातळ पत्र्याचे तुकडे, घालून वर-खाली करायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि यात संध्याकाळ जाते. जाऊ द्या.

भारतातून बघणाऱ्यांना एक सांगायलाच हवं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. मोजायची पद्धत पद्मिनीलाही चालेल, पण कापण्याआधी आरटीओचा नियम बघा. इकडे मिशिगनमध्ये गाडीची दरवर्षी सरकारी तपासणी होत नाही. वेल्ड तपासायला कुणीही येणार नाही, म्हणून मी माझे आर्म दुसऱ्या अनुभवी वेल्डरला दाखवते.

शेवटी अलाइनमेंट. फॅक्टरीचे आकडे त्या काळच्या बायस-प्लाय, म्हणजे तिरप्या दोऱ्यांच्या थरांच्या, टायरचे आहेत, रेडियलला ते लावू नका. रस्त्यावरच्या गाडीला कॅम्बर उणे अर्धा ते उणे एक अंश, कॅस्टर अधिक तीनच्या आसपास, टो-इन, म्हणजे चाकांची पुढची टोकं आत वळलेली असणं, एक अष्टमांश इंच, इथून सुरुवात करा. ६५-६६ मध्ये कॅम्बर-कॅस्टर वरच्या आर्मच्या शिमने बदलतो, ६७ पासून खालच्या आर्मला विकेंद्री बोल्ट आहे. कॅस्टर घरी मोजायचा तर चाक २० अंश बाहेर आणि २० अंश आत वळवा, दोन्हीकडचा कॅम्बर मोजा, फरकाला दीडने गुणा. चाकाखाली दोन गुळगुळीत फरश्या, मध्ये ग्रीस, म्हणजे टायर अडकत नाही.

आणि आर्मच्या बोल्टभोवतीच्या नळ्या, म्हणजे बुश, रबरी ठेवलेत तर त्यांचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळू नका. रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. आर्म लोंबकळत असताना आवळलं, तर गाडी खाली उतरताच रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. चाकं जमिनीवर टेकवा, गाडी दोन-चारदा दाबून सोडा, मग टॉर्क द्या. पहिल्या पन्नास मैलांनंतर प्रत्येक बोल्टवर पुन्हा टॉर्क रेंच फिरवा. मी बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ मारते, म्हणजे एखादा फिरला असेल तर चाक न काढता टॉर्चच्या उजेडात दिसतो.