‘देवानं उचलावं’चं इंग्लिश काय?

(मंडळाच्या रविवारच्या कार्यक्रमात बोलले ते, थोडं नीट करून)

बसा बसा. मागे ऐकू येतंय ना? वड्यांचा वास सुटलाय, त्यामुळे माझ्याकडे किती वेळ आहे ते मला बरोब्बर माहितीये.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, सायकॉलॉजिस्ट तर नाहीच. मागच्या वेळी एक काका गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आले होते म्हणून सांगतेय. मी दुभाषी. इथे इंग्लंडमध्ये दवाखान्यांत, हॉस्पिटलांत मराठी-हिंदीसाठी बोलावतात, आणि मोडकीतोडकी का होईना कोंकणी येते म्हणून कधी स्विंडनलाही, तिथे पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली गोव्याची मंडळी पुष्कळ आहेत ना. नियम साधा आहे, पेशंट बोलेल ते डॉक्टरला सांगायचं, डॉक्टर बोलेल ते पेशंटला, मधे आपल्या पदरचं काही घालायचं नाही. तो नियम मी एकदा मोडला, तिथूनच सुरू करते.

एक आजी होत्या, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. आजोबा गेल्यावर मुलाकडे आल्या, नातवंडं सांभाळायला. झोप नाही, जेवण जात नाही, छातीत धडधड. हार्टच्या सगळ्या टेस्ट नॉर्मल. मग डॉक्टरांनी डिप्रेशनचा तो नऊ प्रश्नांचा फॉर्म काढला. पहिल्या वेळी मी नव्हते, फोनवर कुणीतरी दुभाषी होता आणि त्याने ‘फीलिंग डाउन’चं सरळ ‘तुम्हाला खाली खाली वाटतं का’ करून टाकलं. आजी म्हणाल्या, खाली कशाला, मी पहिल्या मजल्यावर राहते. फॉर्मवर शून्य, म्हणजे कागदावर आजी ठणठणीत.

दुसऱ्या वेळी मी गेले. नववा प्रश्न असतो, मेलेलं बरं असं कधी मनात येतं का. आजी लगेच म्हणाल्या, ‘आता काय बाई, देवानं उचलावं.’ मी नियमाप्रमाणे जसंच्या तसं सांगितलं आणि ती डॉक्टरीण खुर्चीत एकदम ताठ बसली. तुम्ही हसताय, कारण हे वाक्य तुमच्याही घरात आहे, माझी आई तर कोथिंबीर महाग झाली तरी म्हणायची. पण दहातल्या एखाद्या वेळी ते खरं असतं हो, आणि तेव्हाही शब्द तेच असतात. म्हणून मी तोंड उघडलं, म्हटलं, डॉक्टर, आमच्याकडे हे नुसतं बोलणंही असतं आणि नसतंही, त्यांना काय म्हणायचंय ते तुम्हीच त्यांना विचारा. तिने विचारलं. आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या बराच वेळ, मग म्हणाल्या, ‘जीव लागत नाही गं. घरात दिवसभर कुणी मराठी बोलत नाही. नातू हाय आजी म्हणतो आणि कानात ते बोंडूक घालतो.’

आता ‘जीव लागत नाही’चं इंग्लिश करा बरं कुणीतरी.

ही भानगड फक्त आपलीच नाही. बेडफर्डमधल्या पंजाबी लोकांवर 1989 साली एक अभ्यास छापून आला, त्यात लोक म्हणायचे ‘दिल घिरदा है’, त्यात हृदयही आलं, काळजीही आली, अब्रूची धास्तीही आली, सगळं एकत्र. झिम्बाब्वेमध्ये शोना भाषेत शब्द आहे कुफुंगिसिसा, म्हणजे अती विचार करणं, आपण डोक्यात भुंगा लागलाय म्हणतो ना, त्याच गावचा. डॉ. विक्रम पटेल, मूळ मुंबईचे, 1990च्या दशकात तिथेच, राजधानी हरारेत होते, आणि त्यांनी तिथल्या सहकाऱ्यांबरोबर लोकांच्याच शब्दांवरून प्रश्नावली बनवली. मग 1996 मध्ये त्यांनी गोव्यात इतरांबरोबर ‘संगत’ सुरू केली, तिथे साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून त्यांच्याकडून डिप्रेशनचं समुपदेशन करून घेतात आणि त्याचा चांगला उपयोग झालेला कागदोपत्री आहे. म्हणजे हरारेहून गोव्याला आलेली वाट आहे ही. आपण नेहमी उलटं धरतो, शहाणपण लंडनहून निघतं म्हणून.

पण आज मला मुख्य बोलायचंय ते वेगळंच. माझी एक मैत्रीण घानाची, ती पण दुभाषी. तिच्या एका पेशंट बाईने सांगितलं, देव माझ्याशी बोलला, धीर धर म्हणाला. त्यांच्या चर्चमध्ये हे बोलणं दर रविवारचं. फाइलमध्ये काय गेलं? ‘आवाज ऐकू येतात.’ आमच्या आजींचा देव आणि त्या बाईंचा देव, दोघांचंही भाषांतर चुकलं, पण आजींना मिळाली पुढची अपॉइंटमेंट, आणि त्या बाईंवर आली वॉर्डमध्ये राहायची वेळ. चूक एकाच जातीची, पण किंमत सारखी नाही, आणि ‘आपण सगळे इमिग्रंट एकाच बोटीत’ असं कुणी स्टेजवरून म्हटलं की मला म्हणूनच अवघडल्यासारखं होतं.

एक आकडा देते. इंग्लंडमध्ये मेंटल हेल्थ अ‍ॅक्टखाली, म्हणजे मर्जीविरुद्ध कायद्याने, अडकवून ठेवायचं प्रमाण 2022-23 मध्ये ब्लॅक लोकांत गोऱ्यांच्या साडेतीन पट होतं. मदत मागायला कमी जातात आणि उचलून जास्त नेले जातात. यावर ठरलेलं उत्तर येतं की त्यांच्यात स्टिग्मा फार, म्हणजे मनाच्या आजाराची लाज फार, जागृती करा, पोस्टर लावा. मी पण आधी हेच म्हणायचे. आता म्हणत नाही.

डेव्हिड बेनेट नावाचा माणूस होता, जमैकात जन्मलेला, लहानपणी इथे आलेला, रास्ताफारी पंथाचा. 1993 मध्ये त्याने हॉस्पिटलातूनच नर्सिंगच्या प्रमुखांना पत्र लिहिलं होतं, की इथे अर्धा डझनाच्या वर ब्लॅक पोरं आहेत आणि स्टाफमध्ये आमचं कुणी नाही, निदान दोघं तरी ठेवा. विनंती काय ती एवढीच. 1998 च्या ऑक्टोबरात नॉर्विचच्या एका युनिटमध्ये दुसऱ्या पेशंटने त्याला वंशावरून शिव्या दिल्या, आणि दुसऱ्या वॉर्डात हलवलं कुणाला तर त्यालाच. तो चिडला, एका नर्सला मारलं, मग अनेकांनी मिळून त्याला पालथा दाबून धरला, जवळजवळ पंचवीस मिनिटं. त्यातच गेला. 38 वर्षांचा होता. पुढे चौकशी समितीने एनएचएसमधल्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या, वंशवादाला चिघळलेलं गळू म्हटलं.

आणि 2010 मध्ये सेनी लुईस, 23 वर्षांचा, शिकलेला ब्लॅक मुलगा. त्याला कुणी पकडून नाही नेलं, तब्येत बिघडली म्हणून घरच्यांनीच विश्वासाने हॉस्पिटलात नेलं. तिथे अकरा पोलिसांनी त्याला दाबून धरलं, त्यातूनच तोही गेला. आईबापांनी आठ वर्षं पाठपुरावा केला, 2018 मध्ये मानसिक रुग्णालयांतल्या बळाच्या वापरावर कायदा झाला, त्याला सेनीचा कायदाच म्हणतात. आता मला सांगा, त्याच वस्तीतली एखादी आई, तिचा मुलगा रात्र रात्र जागतोय, भिंतीशी बोलतोय, आणि ती फोन करायला कचरतेय. हिला स्टिग्मा म्हणायचं? तिला दारामागे काय होतं ते माहितीये, आपल्यालाच माहिती नाही.

कागदपत्रांचं भय वेगळं. 2017 मध्ये एनएचएसकडचे पेशंटचे पत्ते होम ऑफिसला, म्हणजे इमिग्रेशन बघणाऱ्या खात्याला, द्यायचा करार चालू होता, ओरड झाल्यावर 2018 मध्ये मागे घेतला. करार गेला, पण ‘डॉक्टरला पत्ता सांगू नको’ हे वाक्य काही गेलं नाही, मी ते स्वतः वेटिंग रूममध्ये ऐकलंय, हिंदीत.

मग करायचं काय, तर जिथे जमलंय ते बघा. पुन्हा हरारे. डॉ. डिक्सन चिबांडा, त्यांची 26 वर्षांची एक पेशंट आत्महत्या करून गेली, हॉस्पिटलपर्यंत यायला बसभाड्याचे पंधरा डॉलर नव्हते म्हणून. 2006 मध्ये त्यांनी म्बारे वस्तीतल्या चौदा आज्यांना शिकवलं आणि दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक टाकले. नाव ठेवलं ‘मेंटल हेल्थ बेंच’. कुणी फिरकेना! आज्याच म्हणाल्या, डॉक्टर, या नावाने कोण बसेल, मैत्रीचा बाक म्हणा. तिथे डिप्रेशन शब्द नाही, कुफुंगिसिसा म्हणतात, आणि पहिल्या पायरीचं नाव ‘मन उघडणं’. 2016 मध्ये 573 लोकांवरची ट्रायल छापून आली, सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांत डिप्रेशनची लक्षणं साधारण 14 टक्क्यांत उरली होती, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत 50 टक्क्यांत. इथे उत्तर लंडनमध्ये ‘नफसियात’ 1983 पासून आहे, जाफर करीम यांनी काढलेली, माणसाच्या भाषेत, त्याच्या मुलुखाचं भान ठेवून थेरपी देतात. पण तुमच्या वस्तीत अशी जागा नसेल तर नाही, बसा.

आणि एक खटकणारं बोलते, वडे थंड झाले तरी चालतील. मघाशी सेनीबद्दल बोलताना तुमचे चेहरे पडले. पण संध्याकाळी बसस्टॉपवर चार ब्लॅक पोरं उभी असली की मुलीचा हात घट्ट धरणाऱ्यांत आपणही आहोत, आणि घरी ‘काळ्यांच्या एरियात घर नको’ म्हणणारेही आपणच. मी म्हटलंय. दहा वर्षांपूर्वी, एस्टेट एजंटला. दुभाषी असून.

आजींचं विचाराल तर त्या डॉक्टरणीने त्यांना एका चहाच्या ग्रुपला पाठवलं, दोनदा गेल्या, सगळ्या गुजराती बायका निघाल्या म्हणून सोडलं. मग गुजरातीच शिकल्या थोडं आणि परत गेल्या, आता तिथे भांडतात पण. त्यांच्या फाइलमध्ये तिने मला स्पेलिंग विचारून इंग्लिश अक्षरांत ‘जीव लागत नाही’ असंच लिहून ठेवलंय, समोर काही नाही.

गेल्या महिन्यात तिच्या जागी बदली डॉक्टर होता, त्याने मला आत बोलावून विचारलं, हे ‘जीव’ म्हणजे काय असतं. मी म्हटलं, सांगते, पण पाच मिनिटं लागतील. तो घड्याळाकडे बघून म्हणाला, माझ्याकडे चार आहेत.