सिबिल सावरताना दुसरं कार्ड घ्यावं काय?

(खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, आजचा विषय जाहीर झाल्यापासून एकच प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळतोय. "सर, थकलेलं सगळं भरलं. बँकेत एफडी ठेवून तिच्यावर एक क्रेडिट कार्ड काढलं. आता दुसरं घेऊ काय? सिबिल लवकर वर येईल काय?" विचारणाऱ्यांत बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणारा मुलगा आहे. लॉकडाउनमध्ये पगार थांबला आणि त्याचे गाडीचे हप्ते चुकले. वडगावात माग चालवणारे गृहस्थ आहेत. बचत गटातल्या ताई आहेत. यातलं कुणीही कर्ज बुडवायला निघालेलं नाही, सगळी परत उभं राहायला धडपडणारी माणसं आहेत. म्हणून आडवळण न घेता सांगतो: तुमच्यापैकी बहुतेकांनी आत्ता दुसरं कार्ड घेऊ नये. का घेऊ नये आणि कुणी जरूर घ्यावं, ते सांगायला मी उभा आहे.

सगळ्यांत आधी स्वतःचा क्रेडिट अहवाल काढा, म्हणजे आपण कुठली कर्जं घेतली आणि ती कशी फेडली याची नोंद. आपण सगळ्यालाच 'सिबिल' म्हणतो, पण ही नोंद ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. स्वतःचा अहवाल स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे, ती काढून टाका.

स्कोअर म्हणजे याच नोंदीवरून तुमची पत सांगणारा ३०० ते ९०० मधला एक आकडा. तो बघून हुरळू नका आणि खचूही नका, खाली उतरा आणि एकेक खातं वाचा. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे छोटे चौकोन असतात, मागच्या ३६ महिन्यांपर्यंतचे. चौकोनात ००० असेल तर त्या महिन्यात थकबाकी नव्हती. ०३० असेल तर हप्ता तीस दिवस थकला होता, ०९० असेल तर नव्वद. तीन फुल्या असतील तर त्या महिन्याची माहिती बँकेने कळवलीच नाही. तुमचा खरा इतिहास या चौकोनांत आहे. नवं कार्ड घेऊन जुन्या चौकोनातलं ०९० पुसलं जात नाही. ते फक्त मागे सरकतं, आणि त्याच्यापुढे ००० ची रांग लागत गेली की त्याचा भार हलका होत जातो.

आपल्या भागात आणखी दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघायला लागतात. पहिली, जामीनकी. चुलतभावाला, शेजाऱ्याला, गल्लीतल्या पोराला आपण जामीन राहतो, सही करतो आणि विसरतो. बँकेच्या कर्जाला जामीन असाल तर ते कर्ज तुमच्याही अहवालात दिसतं, आणि त्याने हप्ते थकवले तर तुम्हालाही झळ बसते. दुसरी गोष्ट नाव आणि पत्ता. पाटलांच्या गावात एकाच नावाची चार माणसं असतात. कुणाचा पत्ता खानापूरचा, नोकरीमुळे दुसरा गोव्याचा, तिसरा कोल्हापूरचा. २०१४ च्या नोव्हेंबरात बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं, त्यामुळे जुन्या-नव्या कागदांवर स्पेलिंगही वेगवेगळं आहे. अहवालात दुसऱ्याच पाटलाचं कर्ज शिरलंय काय, पॅन नंबर आपलाच आहे काय, हे तपासा. चूक असेल तर त्या कंपनीकडे तक्रार करा, पैसे पडत नाहीत. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी, असा नियम आहे. तेवढ्यानेही भागलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यांचा फोन नंबर १४४४८, आणि तिथे मराठीत बोलता येतं. बँकेतून आलेलं पत्र कन्नड किंवा इंग्रजीत आहे म्हणून ते तसंच ट्रंकेत ठेवून देणारी माणसं मी खूप बघितलीत. तसं करू नका.

आता सेटलमेंट. वसुलीवाला म्हणतो, लाखाचे साठ हजार भरा, विषय संपला. तुमचा संपतो, अहवालात मात्र 'सेटल्ड' असा शेरा बसतो, आणि पुढच्या बँकेला त्याचा अर्थ एवढाच कळतो की याने पूर्ण पैसे दिले नाहीत. असा शेरा असेल तर तुमच्या हातातला जादा पैसा दुसऱ्या कार्डाच्या एफडीत घालू नका. त्या बँकेत जा, राहिलेली रक्कम किती ते लेखी घ्या, भरा, 'नो ड्यूज'चा दाखला घ्या आणि खातं 'क्लोज्ड' दाखवायला सांगा. 'आठ दिवसांत सिबिल क्लिअर करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाच्या हातात एक रुपया ठेवू नका. खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही आणि खोटी नोंद तुम्हाला स्वतःला फुकट दुरुस्त करून घेता येते.

मग कार्ड हवंच कशाला, असं एक आजोबा आत येताना म्हणाले. रास्त आहे. आपल्याकडे पिग्मी, म्हणजे रोजची छोटी ठेव, भरणारी माणसं आहेत. ती पिग्मी याच कर्नाटकात, उडुपीला, १९२८ साली, पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेने सुरू केली. रोज दुकानावर येणाऱ्या पिग्मीवाल्याला न चुकता पन्नास रुपये देणाऱ्या बाईइतकी शिस्त कुणात असेल? पण ही शिस्त अहवालात कुठेच उमटत नाही. पिग्मी ही ठेव आहे, कर्ज नव्हे. भिशीही दिसत नाही. पुष्कळ लहान सोसायट्यांची कर्जंसुद्धा दिसत नाहीत. म्हणजे तुमचा चांगुलपणा सगळ्या गावाला माहीत असतो, बँकेच्या संगणकाला नसतो. त्याला दाखवायला एक कार्ड पुरतं. एफडी ठेवून मिळणारं कार्ड त्यासाठी उत्तम.

आता त्या फाउंड्रीतल्या मुलाचा हिशेब मांडतो. एफडी २५,००० ची, कार्डाचं लिमिट २०,०००. महिन्याचं किराणा, पेट्रोल, रिचार्ज मिळून १४,००० कार्डावर. बिल पूर्ण भरतो, तरी स्कोअर हलत नाही. का? वीस हजारांतले चौदा वापरले म्हणजे ७० टक्के झाले. तीस टक्क्यांच्या आत राहावं असा साधारण दंडक सांगतात. लिमिटच्या काठाला टेकलेला माणूस बँकांना अडचणीतला वाटतो. तो म्हणाला, दुसरं वीस हजारांचं कार्ड घेतलं की चाळीसात चौदा, म्हणजे ३५ टक्के होतात. गणित बरोबर आहे. पण तेच गणित त्याच बँकेत आणखी २५,००० ची एफडी ठेवून लिमिट वाढवूनही होतं. आणि त्याहून सोपं म्हणजे, बिल तयार व्हायच्या दोन-तीन दिवस आधी त्यातले नऊ हजार भरून टाकायचे. बिलावर पाचच हजार राहतात, २५ टक्के. नवा अर्ज नाही, नवी एफडी नाही, खर्च शून्य. जानेवारी २०२५ पासून बँका ही माहिती निदान दर पंधरा दिवसांनी कळवायला लागल्यात, त्यामुळे फरकही लवकर दिसतो.

दुसऱ्या कार्डाचा अर्ज केला की बँक तुमचा अहवाल मागवते आणि ती चौकशी अहवालात नोंदली जाते. एक नकार आला म्हणून दुसरीकडे, मग तिसरीकडे अर्ज टाकत गेलात तर तो सगळा माग राहतो. नवं खातं उघडलं की खात्यांचं सरासरी वयही घटतं. पुढच्या सहा महिन्यांत घराचं किंवा ट्रॅक्टरचं कर्ज काढायचं असेल तर या वाटेला जाऊच नका.

मला सगळ्यांत जास्त भीती वाटते ती मिनिममची. बिल २०,००० चं आलं, खाली लिहिलंय किमान १,००० भरा. भरले. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर ७०० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १२६. तुमच्या हजारातले ८२६ तिकडेच गेले, मुद्दल फिटलं १७४ रुपयांचं. वर, पूर्ण बिल भरलं नाही म्हणून नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज. एका कार्डावर ही वेळ आलेला माणूस दुसऱ्या कार्डाने पहिल्याचं मिनिमम भरायला लागतो. मायक्रोफायनान्सच्या गटकर्जांत हेच झालं, एका कंपनीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून. वसुलीची दांडगाई इतकी वाढली की २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारला अध्यादेश काढायला लागला. ताईंनो, तुम्ही ते जवळून बघितलंय. रूपे क्रेडिट कार्ड आता यूपीआयला जोडता येतं, खडेबाजारात भाजीच्या गाड्यावरसुद्धा कोड स्कॅन होतो. सोय चांगली आहे, पण खिशातून नोट जाताना जे जाणवतं ते इथे जाणवत नाही.

तर घ्यावं कुणी? ज्याच्या अहवालात थकबाकी नाही, 'सेटल्ड' शेरा नाही, पहिल्या कार्डाचे बारा चौकोन सलग ००० आहेत, दर महिन्याला पूर्ण बिल भरलंय, आणि तरीही गरजेचा खर्च लिमिटला टेकतोय, त्याने घ्यावं. दुसऱ्या बँकेचं, वर्गणी नसलेलं आणि शक्यतो एफडीशिवाय मिळणारं. ती बँक तुमच्या उत्पन्नावर कार्ड देईल काय, हे आधी विचारून मगच अर्ज करा. घेतलंत तर त्यावर एकच ठरलेला खर्च टाका, विजेचं बिल समजा, आणि खात्यातून पूर्ण रक्कम आपोआप कापायची सूचना देऊन ठेवा. मॉलमध्ये टेबल टाकून बसलेल्या पोराने फॉर्म भरून घेतला म्हणून कधी नाही. न मागता कार्ड पाठवायला बँकेला मनाई आहे, तसं आलं तर सुरू करू नका, ओटीपी देऊ नका.

आणि दुसरं मिळालं म्हणून पहिलं लगेच बंद करू नका. तुमचा सगळा चांगला इतिहास त्याच्यावर आहे, आणि ते गेलं की लिमिटही पुन्हा निम्मं होतं. एफडीची मुदत संपत आली असेल तर आधी बँकेत विचारा, ती मोडली तर कार्डाचं काय होणार. फाउंड्रीतल्या त्या मुलाने दुसऱ्या कार्डाचा अर्ज केलेला नाही, तो बिलाआधी नऊ हजार भरतोय. ज्यांनी अहवाल छापून आणलेत त्यांनी पुढे या, टेबलाशी बसून एकेक खातं बघू.