खिशातला फोन थरथरतो, मग कळत का नाही?

आवाज येतोय ना नीट? मागे पंखा घरघरतोय, पण तो बंद केला तर ऐरोलीत मे महिन्यात माणूस बोलेल कसा?

परवा ठाणे-वाशी लोकलमध्ये होतो. फोन व्हायब्रेटवर, पॅन्टच्या खिशात. घणसोलीला उतरून बघतो तर आईचे चार मिस्ड कॉल! मला पत्ताच नाही. आणि घरी आल्यावर पहिलं वाक्य, "तुझा फोन कशाला असतो रे?"

आता एक करा. फोन तळहातावर ठेवा. कीबोर्डवरचं एक अक्षर दाबा. टिक. आता रिंग वाजू द्या. घुर्रर्र. मोटर तीच, पण दुसरं जास्त जोरात वाटलं, हो ना?

थोडा दोष मोटरचा. जुन्या फोनमध्ये दांड्यावर एका बाजूला जड असा तुकडा बसवलेला असतो, तो फिरला की फोन हलतो. पण त्याला वेग घ्यायलाच वेळ लागतो. टिक एवढी छोटी, की तो रंगात येण्याआधीच खेळ संपतो.

पण मोटर एकदम चोख असली तरी फरक राहतोच, आणि खरी गंमत इथे आहे. अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात रोनाल्ड व्हेरिलो यांनी 1965 मध्ये दाखवलं, की कंपन जितका वेळ चालतं तितकं ते कमी जोराचं असलं तरी जाणवतं. साधारण एका सेकंदापर्यंत. म्हणजे आपली मज्जासंस्था कंपनाची जणू भिशी लावते, थोडं थोडं जमा करते. मात्र कातडीला अगदी सुईच्या टोकाएवढ्याच जागी स्पर्श केला, तर हे जमा होणं बंद!

कंपन टिपायचं काम कातडीत खोलवर असलेल्या पॅसिनियन कणिकांचं. कांद्यासारखे पापुद्रे, लांबी साधारण मिलिमीटरभर. सेकंदाला 250 च्या आसपास कंपनं असली की त्या सगळ्यात तल्लख असतात.

मग लोकलमध्ये काय झालं? डबाच थरथरत होता. सतत कंपन मिळालं की या कणिका बोथट होतात, आणि मोठ्या थरथरीत छोटी बुडून जाते. त्यात माझा खिसा ढगळ.

आईच्या नंबरला आता सगळ्यात लांब पॅटर्न लावलाय. फोन घट्ट खिशात. पण काल फोन चार्जिंगला होता, तरी मांडी थरथरल्यासारखी वाटली आणि मी रिकामा खिसा चाचपला.