ॲनापोलिसच्या लाकडी यॉल

सेव्हर्न नदी चेसापीक उपसागराला मिळते, तिथे काठावर ॲनापोलिस आहे. इथेच अमेरिकेची नौदल अकादमी, १८४५ सालची. १९३९ मध्ये अकादमीच्या धक्क्याला एक नवी बोट लागली. ४४ फूट लांबीची, लाकडी, शिडांची. कनेटिकटमधल्या स्टॅमफर्डच्या ल्यूडर्स कारखान्यात बांधलेली. पाठोपाठ तिच्या बहिणी आल्या आणि त्या १२ जणी झाल्या.

पुढे ज्यांना पोलादी युद्धनौका चालवायच्या, त्या मुलांच्या हाती शिडाचा दोर कशाला? कारण मोठ्या जहाजावर वारा हा वहीत टिपायचा आकडा असतो. इथे वाऱ्याचा अंदाज चुकला की बोट जागीच रेंगाळते, आणि शिडं फडफडून ती चूक सगळ्यांना ऐकवतात.

ही बोट यॉल जातीची. मोठी डोलकाठी पुढे, आणि एक छोटी पार मागे, सुकाणूच्याही पलीकडे. वारा पिसाळला की मधलं मोठं शीड उतरवायचं. पुढचं आणि मागचं, अशी दोन शिडं उरतात आणि बोट तोल धरून चालत राहते. पण हा निर्णय वेळेत घ्यावा लागतो. उशीर झाला, तर कललेल्या डेकवर ओल्या, जड कापडाशी झुंजावं लागतं.

आता जरा बोटीच्या पोटात उतरू. पायाखालची फळी उचलली की तळाशी थोडं पाणी दिसतं. लाकडी बोटीत ते असायचंच. त्यात हाताचं बोट बुडवायचं आणि जिभेला लावायचं. खारट लागलं, तर फळ्यांच्या सांध्यातून समुद्र आत येतोय. गोडं लागलं, तर डेक गळतोय, नाहीतर पिण्याच्या पाण्याची टाकी. आणि धास्ती गोड्या पाण्याचीच जास्त. खाऱ्या पाण्यात लाकूड टिकतं, पावसाचं पाणी मुरलं की कुजतं. चेसापीकचं पाणी तर मचूळ, तिथे जीभ चांगली तयार लागते.

या यॉल न्यूपोर्ट ते बर्म्युडा शर्यतीतही उतरल्या. अंतर ६३५ सागरी मैल. वाटेत गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह आडवा येतो. त्याच्या उलट दिशेनं वारा सुटला की लाटा अक्षरशः उभ्या राहतात.

१९६०च्या दशकात फायबरग्लासच्या यॉल आल्या. देखभालीचा भार पाहता तो बदल योग्यच होता, असं मला वाटतं. आकार मात्र ल्यूडर्सचाच ठेवला, यातच त्या बोटीची पारख झाली.

लाकडी बोट बरेच दिवस जमिनीवर राहिली की तिच्या फळ्या सुकून आकसतात. पुन्हा पाण्यात सोडली की सांध्यांतून पाणी झिरपतं. मग कुणीतरी तळाची फळी उचलून शेजारी बसून राहतं. लाकूड हळूहळू फुगतं, सांधे मिटतात, पाणी चढायचं थांबतं. तोवर धक्क्याचे दोर सोडायचे नाहीत.