लेहरा पायात, बोल हातात : मॅक्स रोच

श्रोतेहो, नमस्कार.

ड्रम वाजवणाऱ्याबद्दल आपली एक पक्की समजूत असते. तो मागे बसतो, समोर वाद्यांचा पसारा असतो, आणि काम एकच : लय सोडायची नाही. बाकीचे वादक दम खायला थांबले की त्याला दोन-तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात तो जमेल तेवढा गडगडाट करून घेतो, लोक टाळ्या वाजवतात आणि मग ‘खरं’ संगीत पुन्हा सुरू होतं. आज ज्या माणसाबद्दल मी बोलणार आहे, त्यानं या समजुतीशी जन्मभर वाद घातला. तो अमेरिकेतला जॅझ ड्रमर, मॅक्स रोच.

जन्म 10 जानेवारी 1924चा, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातला. वाढला मात्र न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात. ऐन उमेदीत त्याला संगत मिळाली ती सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आणि ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी यांची. जॅझला नाचाच्या दिवाणखान्यातून उठवून कान देऊन ऐकायचं संगीत करणारी ही मंडळी. तोवर मोठ्या बँडमधला ड्रमर पायानं बास ड्रमवर चारही मात्रा ठोकत असे, नाचणाऱ्यांसाठी. केनी क्लार्क नावाच्या कल्पक वादकानं ती लय उचलली आणि उजव्या हाताच्या मोठ्या झांजेवर, म्हणजे राइड सिंबलवर नेऊन ठेवली. झांज अखंड चालू राहिली. डावा हात आणि उजवा पाय मोकळे झाले. या मोकळ्या झालेल्या हातापायांनी किती बोलता येतं, ते रोचनं दाखवलं.

26 नोव्हेंबर 1945 रोजी पार्करनं ‘को-को’ ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा रोच 21 वर्षांचा होता. मिनिटाला तीनशेच्या आसपास मात्रा! त्या वेगात नुसतं टिकून राहणं हीच परीक्षा. हा पठ्ठ्या वर पार्करच्या सॅक्सोफोनला उत्तरंही देतो.

पण वेग हे त्याचं खरं मोठेपण नव्हे. वेगवान ड्रमर पुष्कळ झाले. रोच ड्रमवर गाणं वाजवायचा. म्हणजे सोलो सुरू झाला तरी मूळ गाण्याची चौकट त्याच्या डोक्यात चालूच असायची. बत्तीस बारची (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) रचना असेल तर आठ बार संपले की त्याचं वाक्य संपणार, मधला निराळा भाग आला की तो निराळ्या ड्रमवर जाणार, आणि शेवटी सगळे बरोबर एका जागी येऊन मिळणार. त्याचा सोलो चालू असताना मूळ चाल मनात गुणगुणून पाहा, ती नेमकी बसते.

आपल्याकडचा तबल्याचा सोलो आठवा. तबलजी बोलतो, आणि सारंगी किंवा पेटी लेहरा, म्हणजे एकच छोटी चाल, पुन्हा पुन्हा वाजवत धरून ठेवते. रोचची 1966 साली प्रसिद्ध झालेली एक रचना आहे, ‘द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस’. साथीला कुणीही नाही. तीन मात्रांचं चक्र आहे आणि ते त्याचे पाय धरतात. पहिल्या मात्रेला उजव्या पायाचा बास ड्रम, दुसऱ्या-तिसऱ्याला डाव्या पायाची हाय-हॅट, म्हणजे पायट्यानं एकमेकींवर मिटणाऱ्या दोन झांजा. धुम्म, च्यिक, च्यिक. धुम्म, च्यिक, च्यिक. लेहरा पायांनी धरला. आता वर हात बोलायला मोकळे. एक छोटं वाक्य येतं. मग गप्प. मग तेच वाक्य, शेपूट बदलून. मधल्या जागा तो भरत नाही, पायांना ऐकू येऊ देतो. या संयमाला मी फार मानतो. हाताशी एवढी तयारी असताना थांबणं सोपं नसतं. पुढे रॉकमध्ये नावाजलेल्या बिल ब्रुफर्डनं ही रचना स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित केली, आणि आजही ड्रम शिकणारी मुलं पाय आणि हात वेगळे करायला हाच पाठ घोटतात.

एक वर्ष मात्र या माणसाला मोडून गेलं. 1954पासून तरुण ट्रंपेटवादक क्लिफर्ड ब्राऊन आणि रोच यांचा मिळून एक पंचक-संच होता. 22 जून 1956ला रोचनं सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्सच्या ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ या अल्बमसाठी वाजवलं. त्यातल्या ‘सेंट थॉमस’मध्ये त्याचा ड्रम अक्षरशः हसतो. त्यानंतर चारच दिवसांनी, 26 जूनला, मोटार अपघातात ब्राऊन गेला, वय 25. त्याच गाडीत संचाचा पियानोवादक रिची पॉवेल आणि त्याची पत्नीही गेली. रोच खचला, दारूत बुडाला. सावरायला त्याला बराच काळ लागला.

सावरला तो वेगळाच माणूस होऊन. फेब्रुवारी 1960मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्याच ग्रीन्सबरो इथे चार काळे विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या खाणावळीच्या काउंटरवर जाऊन बसले आणि उठले नाहीत. त्याच वर्षी रोचनं ‘वुई इन्सिस्ट!’ ही गाण्यांची मालिका ध्वनिमुद्रित केली. त्या अल्बमच्या मुखपृष्ठावर असाच काउंटर आहे आणि तिथे बसलेले काळे तरुण थेट आपल्याकडे बघतात. शब्द ऑस्कर ब्राऊन ज्युनियरचे, आवाज ॲबी लिंकनचा. गुलामांवर देखरेख करणाऱ्या मुकादमाचं गाणं आहे, ‘ड्रायव्हा मॅन’. पाच मात्रांचं चक्र, आणि प्रत्येक पहिल्या मात्रेवर एक कोरडा फटका. सम म्हणजे सुटकेची जागा अशी आपल्या कानांची सवय. इथे समेवर चाबूक बसतो. पुढे एका भागात तर शब्दच नाहीत. ॲबी लिंकन किंचाळते आणि रोच तिच्या बरोबरीनं वाजवतो. ते ऐकवत नाही, आणि ऐकवू नये अशाच बेतानं ते केलेलं आहे.

मे 1961मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसची मैफल चालू असताना हाच रोच निषेधाचा फलक घेऊन रंगमंचावर जाऊन बसला. माइल्स त्याचा जुना साथीदार! मैत्रीत हे बसतं का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल.

उत्तरायुष्याबद्दल थोडक्यात सांगतो. 1970मध्ये त्यानं ‘एम्बूम’ हा फक्त तालवाद्यांचा संच काढला, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकवलं, आणि 1988 साली त्याला अमेरिकेतली मानाची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. साठीच्या आसपास तो रॅप करणाऱ्या आणि ब्रेकडान्स करणाऱ्या पोरांबरोबर रंगमंचावर उभा राहिला. त्याच्या वयाचे अनेक जण तेव्हा त्या संगीताला नाकं मुरडत होते. पियानोवादक सेसिल टेलरबरोबरच्या त्याच्या जुगलबंद्या मात्र अजून मला पुऱ्या पचलेल्या नाहीत.

आणि एक गंमत सांगायलाच हवी. मैफलीत कधी कधी तो सगळा पसारा सोडून फक्त हाय-हॅट घेऊन बसे. दोन झांजा, एक दांडा, खाली पायटा. झांजेच्या कडेवर, पाठीवर, मधल्या उंचवट्यावर, अगदी दांड्यावरसुद्धा काठी फिरवत त्यातून तो एक अख्खं गाणं काढी. रचनेचं नाव ‘मिस्टर हाय-हॅट’. आपल्या आधीच्या पिढीतला ड्रमर पापा जो जोन्स, त्याला वाहिलेली. वाद्य जितकं कमी, तितका हा माणूस खुलायचा.

16 ऑगस्ट 2007 रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचं निधन झालं. ऐकायला सुरुवात करायची असेल तर आधी ‘सेंट थॉमस’ लावा, पायच आपोआप ठेका धरेल. मग ‘द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस’, तेही शक्यतो हेडफोनवर, कारण हाय-हॅटचा तो बारीक ‘च्यिक’ मोबाइलच्या स्पीकरवर हरवतो. ‘वुई इन्सिस्ट!’ मात्र दुसरं काही काम नसेल तेव्हाच. स्वयंपाक करता करता ऐकण्यातलं ते नाही.

नमस्कार.