वर्गात भरलेला बाजार

(दृश्य: वर्ग. बाकं भिंतीला सरकवलेली, मधे मोकळी जागा. मुलं उभी.)

या खोलीत २२ विद्यार्थी आहेत. ११ जणांच्या हातात पिवळी कार्डं, ११ जणांच्या हातात निळी. पिवळी ग्राहकांची, निळी विक्रेत्यांची. माल कोणता, हे कुणालाच माहीत नाही आणि त्यावाचून काही अडतही नाही. ग्राहकाच्या कार्डावर तो जास्तीत जास्त किती मोजू शकतो, ते लिहिलंय. विक्रेत्याच्या कार्डावर, कितीच्या खाली गेलं की खोट बसते, ते. आपलं कार्ड कुणाला दाखवायचं नाही. बाकी काहीही बोला.

खासगी विद्यापीठातला हा अर्थशास्त्राच्या पदवीचा पहिला आठवडा. फळा अजून कोरा आहे.

(दृश्य: खिडकीपाशी दोघांची घासाघीस. कॅमेरा जवळ.)

निळं कार्ड छातीशी घट्ट धरलेल्या या मुलीचा आकडा आहे १००. समोरच्या मुलाचा ११०. ती १०९ सांगते. तो हसतो, पाठ फिरवतो, दोन पावलं जातो आणि परत येतो. १०५ ला सौदा पटतो. त्याच वेळी दाराजवळ कुणीतरी तोच माल ५५ ला घेतलाय. खिडकीला दाराची खबर नाही.

पहिल्या खेळात ८ सौदे झाले. सगळ्यात स्वस्त ५५, सगळ्यात महाग १०५.

(दृश्य: फळ्यावर वेड्यावाकड्या अक्षरात आकडे लिहिले जातात.)

हा खेळ जुना आहे. हार्वर्डमध्ये अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड चेंबरलिन तो आपल्या विद्यार्थ्यांकडून खेळून घेत. १९४८ साली त्यांनी त्याचे निकाल प्रसिद्ध केले. स्पर्धेच्या बाजाराचं पुस्तकी गणित प्रत्यक्षात जुळत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. आणि ते दिसलंही: गणित सांगायचं त्यापेक्षा जास्त सौदे होत होते, अगदी आत्ता या खोलीत झाले तसेच.

चेंबरलिन यांच्या वर्गात कार्ड हातात घेऊन फिरलेल्यांपैकी एक होते व्हर्नन स्मिथ. मूळचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर. त्यांना त्या वेळी या प्रकारात फारसं काही वाटलं नाही. पुढे पर्ड्यू विद्यापीठात स्वतः शिकवायला लागल्यावर, १९५६ मध्ये, त्यांनी तोच खेळ काढला आणि नियम बदलले. कोपऱ्यातली कुजबुज बंद. बोली लावायची ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी. आणि एकदाच खेळून थांबायचं नाही. त्याच आकड्यांवर पुन्हा डाव, पुन्हा डाव.

(दृश्य: दुसरा खेळ. हात वर, आरडाओरडा. इथे मूळ आवाज राहू द्यावा.)

"सत्तरला घेतो!" "नव्वदला देते!" "पंच्याहत्तर!" पहिल्या डावात भाव अजून भरकटलेलेच. दुसऱ्यात जरा आवरले. तिसऱ्या डावात ओरडणंही कमी होतं, कारण कितीला जमेल याचा अंदाज सगळ्यांनाच आलाय. चौथ्या डावातले पाच सौदे: ७९, ८०, ८२, ८०, ८१.

(दृश्य: प्राध्यापिका कार्डं गोळा करून फळ्यावर चिकटवतात.)

इथे थोडं थांबूया. पिवळी कार्डं १३० पासून ३० पर्यंत उतरत्या क्रमानं. निळी ३० पासून १३० पर्यंत चढत्या. दोन्ही रांगा ८० वर एकमेकींना छेदतात. मागणी आणि पुरवठ्याचे वक्र ते हेच, आणि ते छेदतात ती समतोल किंमत. ८० हा आकडा कुणी जाहीर केला नव्हता. प्रत्येकाला ठाऊक होतं ते फक्त आपल्या कार्डापुरतं.

स्मिथ यांनाही असंच दिसलं. त्यांचा शोधनिबंध आला १९६२ मध्ये, आणि नोबेल मिळालं थेट २००२ साली.

पहिल्याच तासाला फळ्यावर आलेख काढणं म्हणजे रहस्यकथेचा खुनी आधीच सांगून टाकणं. इथे तो तिसऱ्या तासाला आला, तोही मुलांच्याच कार्डांतून. हार्वर्डच्याच प्राथमिक अर्थशास्त्राच्या वर्गातून नोव्हेंबर २०११ मध्ये काही विद्यार्थी उठून बाहेर पडले होते. शिकवणं एकांगी आहे, अशी त्यांची तक्रार होती. त्या तक्रारीचं पूर्ण उत्तर या कार्डांत नाही. पण ज्यानं समतोल किंमत स्वतः ओरडून शोधली, तो ती निमूटपणे मानून घेत नाही, असं आम्हाला इथे दिसलं.

अभ्यासक्रम स्वतः आखता येत असल्यामुळे या विद्यापीठाला हे तास काढता आले. शुल्क मात्र भरपूर आहे, आणि शिष्यवृत्तीशिवाय इथवर पोचणारे थोडेच. पुढे कॅल्क्युलस आहे, संख्याशास्त्र आहे, इकॉनॉमेट्रिक्स, म्हणजे अर्थव्यवहाराच्या आकडेवारीवर संख्याशास्त्र लावणं, आहे. पण पडद्यासमोर बसून आकडेमोड करणारी मुलं चित्रित करण्यात काही मजा नाही, म्हणून ती या फिल्ममध्ये नाहीत.

(दृश्य: खिडकीपाशी तीच मुलगी.)

१०० चं कार्ड आठवतं? दुसऱ्या खेळात तिचा माल एकदाही खपला नाही. ती विचारते, "मॅडम, मी चुकीचं खेळले, की मला कार्डच वाईट आलं?"

"कार्ड."

चौथ्या डावाअखेर ११ पैकी ६ विक्रेत्यांचा माल तसाच पडून होता.

(दृश्य: कार्डं नव्यानं पिसून वाटली जातात.)

आता तिसरा खेळ. नियम एकच वाढलाय: ६० च्या वर विकायला बंदी. ग्राहक खूश. आठ हात वर जातात. विकायला पुढे येतात चौघेच. मग सुरू होते ओळख, आर्जवं, "मला दे ना". ४० च्या कार्डाचा मुलगा सरळ आपल्या मैत्रिणीला माल देऊन मोकळा होतो. तिच्या कार्डावर ७० आहे. १३० मोजायला तयार असलेला तिच्या शेजारीच उभा आहे, आणि हे चालतं का म्हणून प्राध्यापिकेशी वाद घालतोय.