ऑइलचा दिवा

(पडद्यावर: मीटरमधला लाल दिवा, अगदी जवळून. तेलाची झारी, तिच्या तोंडाशी एक थेंब.)

हा दिवा गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. चावी फिरवली की लागतो, इंजिन सुरू झालं की दोन-तीन सेकंदांत विझतो. विझला नाही, किंवा धावत्या गाडीत परत लागला, तर आपण काय करतो? बॉनेट उघडतो, डिपस्टिक काढतो. तेल आहे? आहे. मग चला.

हे ‘मग चला’ किती महागात पडतं, ते मी आमच्या घरात पाहिलं आहे. ते पुढे सांगेनच. आधी चाळीसगावला जाऊ.

(पडद्यावर: घाटाकडे जाणारा रस्ता, दुपार, मालाच्या गाड्यांची रांग.)

मे महिना. खान्देशातला मे, म्हणजे पारा ४४-४५ अंशांवर आणि सावलीतला लोखंडी पानासुद्धा हाताला चटका देणारा. चाळीसगाव सोडलं की कन्नडचा घाट लागतो. औट्रम घाट हे त्याचं जुनं नाव. खान्देशातला माल संभाजीनगरकडे नेणाऱ्या गाड्या हाच घाट चढतात. केळी, कांदा, भाजीपाला, काय म्हणाल ते. भरलेली पिकअप दुसऱ्या गियरमध्ये, पुढे गाडी, मागे गाडी, वर ऊन. इंजिनची खरी परीक्षा इथे होते.

घाटाच्या अलीकडे, रस्त्याला लागून एक गॅरेज आहे. पत्र्याची शेड, पुढे कडुनिंब. मिस्तरींना सगळे नाना म्हणतात. त्या दिवशी दुपारी एक पिकअप आली. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. ड्रायव्हर तरुण, गाडी त्याची स्वतःची, हप्ते चालू. तक्रार त्याने एका वाक्यात सांगितली.

“नाना, तेल ते बरोबर शे. मंग दिवा काबर लागस?”

घाट चढून गाडी तापली की आयडलवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, दिवा मिणमिणतो. थोडी रेस दिली की विझतो. सकाळी थंड गाडीत काहीच नाही. एका ठिकाणी त्याला ऑइल प्रेशरचा, म्हणजे तेलाच्या दाबावर हा दिवा लावणारा, स्विच बदलून दिला होता. फरक पडला नाही. दुसऱ्या ठिकाणी जुनं तेल काढून जाड तेल टाकून दिलं. पंधरा दिवस दिवा गप्प राहिला. मग परत लागला. तिसऱ्याने सांगितलं, इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधावं लागेल.

नानांनी पहिलं काम केलं ते हे, की चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली. दिवा तेलाची पातळी नाही, दाब सांगतो; तो दाब आहे की नाही हे कळेपर्यंत इंजिन उगाच फिरवायचं नाही.

मग पुढची दहा मिनिटं त्यांनी एकही पाना उचलला नाही. फक्त डिपस्टिक. पुसली, घातली, काढली. तेल वरच्या खुणेच्याही एक बोट वर होतं.

“तू वरून तेल टाकलं होतं?”

“नही नाना. एक थेंब नही.”

तेल कमी झालं तर आपण घाबरतो. वाढलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पण इंजिनमधलं तेल आपोआप वाढत नसतं. वाढलं म्हणजे त्यात दुसरं काहीतरी येऊन मिसळतंय. पाणी मिसळलं तर तेल दुधाच्या चहासारखं दिसतं. हे तसं नव्हतं, काळंच होतं. नानांनी पट्टीवरचं तेल अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळलं आणि बोटं नाकाशी नेली. मग एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाकला.

(पडद्यावर: कागदावरचा थेंब. कॅमेरा हलत नाही.)

हा थेंब नीट पाहा. मधे काळा डाग. त्याच्याभोवती हळूहळू पसरत जाणारी एक फिकट, ओलसर कड. चांगलं तेल इतकं लांब धावत नाही. ही कड डिझेलची आहे.

आता पंधरा दिवसांचा हिशेब लागतो. जाड तेल टाकलं तेव्हा दाब परत आला, पण डिझेल मिसळायचं थांबलं नव्हतं. पंधरा दिवसांत ते जाड तेलही पातळ झालं. त्या जाड तेलाने दुखणं बरं केलं नाही, फक्त झाकलं. मला राग येतो तो या इलाजाचा. कारण त्या पंधरा दिवसांत गाडी रोज घाट चढत होती.

(पडद्यावर: केळीची बाग, ठिबकच्या नळ्या, फिल्टरजवळचं प्रेशर गेज.)

दाब म्हणजे नेमकं काय, हे आपल्याकडे शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. त्याच्या शेतात ठिबक आहे. मोटर पाणी ढकलते. नळ्या बारीक, ड्रिपर त्याहून बारीक, म्हणून पाणी अडतं आणि गेजवर किलोभर (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो) दाब दिसतो. उंदराने नळी कुरतडली तर मोटर तीच, विहीर तीच, पण गेज खाली येतं आणि शेवटच्या केळीला पाणी पोचत नाही.

इंजिनमध्ये हेच घडतं. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या टाकीत, तेल, त्यात बुडालेली जाळी, जाळीतून खेचणारा पंप, पुढे फिल्टर, आणि तिथून क्रँकच्या (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) बेरिंगांना, टर्बोला, वर व्हॉल्व उघडणाऱ्या कॅमला जाणाऱ्या वाटा. पंप फक्त ढकलतो. दाब तयार होतो तो बेरिंगमधल्या फटीत तेल अडल्यामुळे. ही फट साधारण ०.०५ मिलिमीटरची, केसाहून बारीक. तेल पातळ झालं तर ते या फटीतून भराभर निसटतं. बेरिंग झिजून फट वाढली तरी निसटतं. दाब जास्त झाला की तेल परत सोडणारा रिलीफ व्हॉल्व उघडाच अडकला, तर बरंचसं तेल पुढे न जाता परत फिरतं. जाळी तुंबली तर पंपाला ओढायलाच काही मिळत नाही. जाळीच्या बाबतीत एक सांगतो. चेंबर बसवताना गॅस्केटची पेस्ट ढसाढसा लावली की तिचे तुकडे सुटून जाळीवर जाऊन बसतात. पेस्ट बाहेर जितकी दिसते तितकीच आतही निघालेली असते.

म्हणजे कारणं पाच-सहा आणि दिवा एकच. तो कारण सांगत नाही. शिवाय तो लागतो तोच फार उशिरा. बहुतेक गाड्यांत हा स्विच साधारण अर्ध्या किलोच्या आसपास काम करतो. दाब त्याच्या खाली गेला की दिवा, वर गेला की अंधार. आता गरम इंजिनला आयडलवर किलोभर तरी दाब हवा, दोन हजार आरपीएमला तीनच्या आसपास. नेमका आकडा प्रत्येक इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच धरायचा. पण विचार करा, दोन हजारावर जिथे तीन किलो हवेत तिथे पाऊणच किलो असेल, तरी दिवा विझलेलाच राहील. ड्रायव्हरला वाटेल सगळं ठीक आहे.

म्हणून गेज लावायचं. नानांनी स्विच काढला, त्याच भोकात अडॅप्टर आणि काट्याचं गेज बसवलं. माझ्या मनात प्रश्न आला, दोष दिसलाच आहे तर आता मोजायचं कशाला? मी तसं विचारलं. ते म्हणाले, “आधीचा आकडा नसेल तर नंतरचा कशाशी ताडणार?”

(पडद्यावर: गेजचा काटा. मागे आयडलवर चालणारं इंजिन.)

एव्हाना थंड झालेलं इंजिन. काटा चार किलोवर. इथेच कुणी मोजून थांबलं असतं तर इंजिन पास झालं असतं. थंडपणी तेल जाड असतं, दाब दिसणारच. मोजायचं ते गरम झाल्यावर. गाडी जागेवरच, वजन नाही, रेस नाही. पाच मिनिटांनी तीन. मग दोन. दहा मिनिटांनी एकच्या खाली. काटा थरथरत अर्ध्यावर आला आणि नानांनी इंजिन बंद केलं. दिवा खोटं बोलत नव्हता. स्विचही चांगलाच होता.

चेंबरचा नट काढला. इंजिनमध्ये सहा लिटर तेल बसतं, घमेल्यात सात लिटरच्या वर पडलं. जुना फिल्टर करवतीने कापून त्याचा कागद उन्हात पसरला. घडी-घडी बोटाने उलगडून पाहिली. तांब्याची चमक दिसली असती तर बेरिंगचं तांबं उघडं पडलं, असा अर्थ. दिसली नाही. चेंबर उतरवलं, जाळी स्वच्छ. मग पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या एका कनेक्टिंग रॉडची कॅप खोलली आणि बेरिंगची अर्धी वाटी हातात घेतली.

ही वाटी मी हातात धरून पाहिली. आतला थर करडा, मऊसर, मधोमध दोन बारीक ओरखडे, नखाला जेमतेम लागतील असे. तांबं कुठे उघडं पडलेलं नाही. नानांनी प्लास्टिगेजचा, म्हणजे चेपून फट मोजायचा, धागा ठेवून कॅप टॉर्कने (ठरलेल्या जोराने) आवळली, परत उघडली, चेपलेल्या धाग्याची रुंदी पट्टीशी जुळवली. फट मापात होती. क्रँक घासून घ्यायला लेथवर न्यायची गरज नव्हती. इंजिन बांधायचा सल्ला या मुलाने मानला असता, तर हजारो रुपये घालून नव्या बेरिंगांवर पुन्हा तेच डिझेल पडलं असतं.

डिझेल येत कुठून होतं? सकाळी सुरू करताना पांढरा धूर निघायचा, हे ड्रायव्हरने आता सांगितलं. त्याला ते दिव्याशी जोडावंसं वाटलं नव्हतं. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर काढून धुळ्याला पंप-नोझलवाल्याकडे गेले. टेस्टरवर तिसऱ्या इंजेक्टरच्या टोकाशी थेंब साचत होता. फवारा बंद झाल्यावरही तो गळत राहायचा. ते डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून, पिस्टनच्या रिंगांना चुकवून, चेंबरात उतरत होतं.

१ एप्रिल २०२० पासून सक्तीच्या झालेल्या बीएस-६ (धुराच्या कडक नियमांच्या) डिझेल गाड्यांत याची आणखी एक वाट आहे. सायलेन्सरच्या वाटेवरच्या फिल्टरमधली काजळी जाळायला अनेक इंजिनं उशिरा जादा डिझेल सोडतात. गावात जवळजवळच्या फेऱ्या मारून गाडी अर्ध्यातच बंद केली, की ती जाळणी अपुरी राहते, परत-परत सुरू होते आणि थोडं डिझेल तेलात उतरतं. अशा गाडीत तेल वरच्या खुणेच्या वर गेलं नाही ना, हेही डिपस्टिकवर बघायला हवं.

(पडद्यावर: पारोळ्याजवळचा महामार्ग. जुनी टेम्पोची चावी, तळहातावर.)

आता आमच्या घरातलं. माझ्या वडिलांचा टेम्पो होता. एका गॅरेजात तेल आणि फिल्टर बदलला. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली, तिच्यावर नवा फिल्टर बसला. दोन रिंगा एकावर एक बसल्या. पारोळ्याच्या अलीकडे दाबाने त्या सरकल्या आणि काही मिनिटांत सगळं तेल रस्त्यावर गेलं. दिवा लागलाच नाही. कारण स्विचची वायर कधीची तुटलेली होती. चावी फिरवल्यावर तो दिवा लागत नाही, हे आमच्यापैकी कुणी कधी पाहिलं नव्हतं. आधी खडखड, मग टर्बोची किंचाळी, आणि इंजिन जाम. त्या वर्षीच्या कापसाचे पैसे क्रँकमध्ये गेले. वडील रस्त्याच्या कडेला बसून होते, हातात ही चावी. मी नऊ वर्षांचा होतो.

(पडद्यावर: घाटाचा माथा, संध्याकाळ.)

इंजेक्टरचं नवं नोझल, चारही रॉडला नव्या बेरिंग वाट्या, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं नवं तेल, नवा फिल्टर. नाना बसवण्याआधी फिल्टरची जागा बोटाने चाचपतात, हे मी पाहून ठेवलं. गेज इंजिनवर तसंच बांधून, माल भरून, आम्ही तिघे घाट चढलो. माथ्यावर गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. इंजिन चांगलंच तापलेलं. आयडलवर १.२ किलो. दोन हजारावर सव्वातीन. ड्रायव्हरने मोबाइलवर काट्याचा फोटो काढला.

इंजिन जरा निवल्यावर गेज काढून स्विच परत बसवला. वायर जोडण्याआधी नानांनी चावी लावून तिचं टोक इंजिनच्या लोखंडाला टेकवलं. दिवा लागला. उचललं, विझला. वायर जोडली आणि ते बाजूला झाले.

“आता तू फिरव. आधी दिवा दखजो, मंग सेल्फ मार.”

त्याने चावी अर्धी फिरवली आणि थांबला. लाल झारी, एक थेंब. मग सेल्फ. दोन सेकंद. विझला.